चित्र बंद, आवाज चालू

लिमरिक, आयर्लंड
५ जानेवारी २०२५

प्रिय पप्पा,
सप्रेम जय भीम.

आजचा फोन परत अर्धवट राहिला, म्हणून चिडून कागद घेऊन बसले आहे. आठवडाभर मी रविवारची वाट बघते. वॉर्डात म्हाताऱ्यांना औषधं देताना मनातल्या मनात ठरवत असते की पप्पांना हे सांगायचं, ते सांगायचं. आणि रविवारी काय होतं? "आवाज येतोय का?" "हॅलो, आवाज येतोय का?" एवढंच आपण एकमेकांना विचारतो आणि वेळ संपते. मधेच तुमचा चेहरा पडद्यावर थिजतो, तोंड उघडं आणि डोळे अर्धे मिटलेले. तसा फोटो कुणी काढला असता तर तुम्ही त्याचा मोबाईल फेकून दिला असता.

इथे येऊन मला तीन वर्षं होत आली. थंडी अंगवळणी पडली, इथल्या लोकांचं इंग्रजी कळायला लागलं, पण तुमच्याशी पोटभर बोलल्याशिवाय आठवडा ढकलायचा, ही सवय काही होत नाही. आई होती तोवर निदान ती मधे बसून माझं तुम्हाला आणि तुमचं मला सांगायची. ती गेली आणि आता आपण दोघं आणि मधे हे मेलं नेट.

दोष आपल्या घरच्या नेटचाच आहे. माझ्याबरोबर केरळची एक नर्स राहते, ती याच खोल्यांतून तिच्या घरच्यांशी तासन्‌तास बोलते, हसते, भांडतेसुद्धा. मला तिचा हेवा वाटतो, खरं सांगते. तेव्हा मला नीट कळवा. राउटर अजून जिन्यातच आहे का? खालच्या दोन्ही खोल्यांतली पोरं त्यावरच सिनेमे बघतात का? दादाला विचारलं तर तो "बघतो" म्हणतो, आणि दादाचं "बघतो" तुम्हाला माहीत आहे. वहिनींना शाळा आणि घर करून बसायला फुरसत नसते. म्हणून तुम्हीच सांगा, आणि फोनवर नको, लिहून सांगा. कागदावर लिहा आणि फोटो काढून पाठवा. तुमचं अक्षर बघून किती दिवस झाले.

तुमची,
साक्षी


मोशी
१२ जानेवारी २०२५

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र मिळालं, म्हणजे पत्राचा फोटो मिळाला. बोटांनी ताणून मोठा केला आणि दोनदा वाचला. नर्स झाल्यापासून तुझं अक्षर डॉक्टरांच्या वळणावर गेलं आहे. औषधाच्या दुकानात नेऊन वाचून घ्यावं की काय असं वाटलं.

राउटर जिन्यातच आहे आणि त्याला कारण आहे. भाड्याच्या पाटीवर "पाणी व वायफायसह" असं मीच रंगवून घेतलं. मोशीत हल्ली खोली बघायला आलेलं पोरगं पाण्याचं विचारत नाही, "अंकल, वायफाय आहे का?" हे आधी विचारतं. जिन्यात ठेवला म्हणजे खालीही पोचतो आणि वरही. खालची पोरं महाळुंग्याच्या कंपन्यांत आहेत. एक पाळी कामाला गेली की दुसरी घरी येते, त्यामुळे नेटला बिचाऱ्याला साप्ताहिक सुट्टीसुद्धा नाही. शिवाय दिवाळीत एका भाडेकरूची मोटारसायकल गेली, तेव्हापासून बुद्धभूषणनं जिन्यात कॅमेरा लावला आहे. तोही नेटवर चालतो. कोण आलं, कोण गेलं, मांजर कुठे बसलं, सगळं दिवसभर कुठेतरी पाठवत असतो.

तेव्हा दोष नेटचाच आहे, तू म्हणतेस ते बरोबर. तुझं बोलणं तुटक येतं. पण थोडं तुझंही चुकतं. तू खिडकीकडे पाठ करून बसतेस, त्यामुळे तोंड काळं दिसतं. उजेडाकडे तोंड करून बसत जा. ड्यूटीवरून मास्क लावून फोन करतेस, त्यात तर काहीच कळत नाही. आणि जरा सावकाश बोल. गोऱ्या लोकांत राहून तुला घाई लागली आहे.

इकडे सगळे बरे आहेत. साधनाच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. नदीच्या बाजूला आणखी एक टॉवर उभा राहतोय. गच्चीवरून इंद्रायणी दिसायची, तिची आता एक फट उरली आहे. तुझी आई तिथे पापड वाळत घालून राखण करत बसायची. मी संध्याकाळी तिथेच खुर्ची टाकून बसतो. तुझी आठवण येते. जेवत जा वेळेवर.

तुझा,
पप्पा


लिमरिक
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय पप्पा,
जय भीम.

मी आता नेटची डॉक्टर झाले आहे. आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळणारा एक माणूस आहे, त्याला चहा पाजून सगळं विचारून घेतलं. त्याचं म्हणणं, नेट घेताना लोक घरात किती येतं ते बघतात, घरातून बाहेर किती जातं ते कुणी बघत नाही. माझं बोलणं तुमच्याकडे यायच्या रस्त्यावर खालची पोरं सिनेमे घेऊन उभी आहेत. तुमचं बोलणं माझ्याकडे जायचा रस्ता आधीच चिंचोळा, आणि त्यात दादाचा कॅमेरा चाकणच्या चौकातल्या ट्रकसारखा आडवा उभा आहे. मग आपलं बोलणं तुटणार नाही तर काय होणार?

दादाला मी कामं सांगितली आहेत. "बघतो" म्हणाला तर मला कळवा. राउटर जिन्यातून काढून वर हॉलमध्ये आणायचा. फोन मोबाईलवरून करायचा नाही, दादाचा लॅपटॉप राउटरला वायरने जोडायचा आणि त्यावर बोलायचं. राउटरमध्ये कुणाला पुढे सोडायचं ते ठरवायची सोय असते, तिथे आपल्या फोनला पहिला मान द्यायचा. रविवारी आपलं बोलणं होईपर्यंत जिन्यातला कॅमेरा बंद. खालच्या पोरांना गोडीगुलाबीनं सांगायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपण व्हिडिओ बंद करायचा. चित्राला आवाजापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. चित्र बंद केलं की आवाज लख्ख येतो, असं तो माणूस शपथेवर म्हणाला. तुमचा चेहरा दिसणार नाही याचं मला वाईट वाटतंय, पण चेहरा मला पाठ आहे. मला तुमचा आवाज हवा आहे. शाळेत असताना मी दप्तर टाकायचे आणि तुम्ही विचारायचा, "काय गं, आज कुणाशी भांडलीस?" तसं मला कुणीतरी विचारायला हवं आहे. इथे सगळे माझ्याशी फार सभ्य वागतात.

तुमची,
साक्षी


मोशी
२३ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षीस,
आशीर्वाद.

तुझी ऑर्डर आली आणि घरात नेटवाल्यांचं राज्य सुरू झालं. राउटर वर आला. तो आता टीव्हीच्या डोक्यावर बसला आहे. लॅपटॉपची वायर सोफ्याच्या मागून काढली, साधनाचा त्यात दोनदा पाय अडकला. बुद्धभूषण "बघतो" म्हणाला नाही, तुझा धाक अजून आहे. खालची पोरं चांगली निघाली. त्यांतला एक परभणीचा आहे, त्याला सांगितलं, रविवारी संध्याकाळी पोरीचा फोन असतो. म्हणाला, "काका, माझीबी माय वाट बघायली फोनची. आमी बसतो बाहेर जाऊन." आता रविवारी ती सगळी पोरं किराणा दुकानाच्या कट्ट्यावर बसतात. माझ्यामुळे त्यांची मॅच बुडते याचं मला ओझं वाटतं.

बुद्धभूषण तर मिशीला पीळ देत सांगतो, आता सुई पडली तरी ऐकू येईल. त्याचं खरं असणार. साधनाही म्हणते, ताई शेजारच्या खोलीतून बोलल्यासारख्या वाटतात. म्हणजे आवाज चांगलाच आहे.

पण साक्षी, चित्र बंद कशाला करायचं? थोडं तुटक आलं तरी चालेल, चित्र असू दे, असं मला वाटतं. काळ्या पडद्याशी बोलायला कसंतरी होतं. त्यावर एका गोलात तुझ्या नावाचं पहिलं अक्षर दिसतं, त्याच्याकडे बघून मी काय बोलणार? ते अक्षर ना हसत, ना नाक मुरडत. पण तुला यातलं जास्त कळतं. तुझा आग्रह आहे तर राहू दे.

तू पत्र मात्र लिहीत जा. पत्र मला फार बरं वाटतं. पत्रात तू अगदी जवळ बसल्यासारखी असतेस, आणि काही सुटलं तर मागे जाऊन पुन्हा वाचता येतं.

तुझा,
पप्पा


लिमरिक
६ एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,
जय भीम.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. पप्पांना दाखवू नका.

नेट सुधारलं. तुमचा, दादाचा आवाज मला इतका स्पष्ट येतो की कुकरची शिट्टीसुद्धा मोजता येईल. आणि नेट सुधारल्यापासून पप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले आहेत. तुटक नेटवर ते अर्ध्या वाक्यावरसुद्धा हसायचे, माझी फिरकी घ्यायचे. आता "छान, छान", "बरं, बरं", "जेवलीस का?" एवढंच. मी काय जेवले ते सांगून झाल्यावरसुद्धा "जेवलीस का?" मग लगेच, "घे, साधनाशी बोल." पत्रात मात्र अजून तेच जुने पप्पा आहेत. याचा अर्थ मी काय लावायचा? आईच्या वेळी मला पोचायला उशीर झाला, ते अजून त्यांच्या मनात आहे का?

आता खरं सांगते. माझा इथला करार मार्चअखेर संपत होता. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात नर्स घेताहेत, माझी वर्गमैत्रीण तिथे आहे, तिने माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मला परत यायचं होतं, वहिनी. कायमचं. इथे काही कमी नाही, पण संध्याकाळी दार उघडलं की आत आपलं कुणी नसतं. मी आठवडाभर मनात घोकलं आणि २३ मार्चच्या रविवारी पप्पांना विचारलं. "पप्पा, मी कायमची परत येऊ का? तुम्हाला मी हवी आहे का तिथे?" असं अगदी सरळ.

ते म्हणाले, "छान, छान. तिकडंच नीट राहा. इकडची काळजी करू नको."

एक अक्षर तुटलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, नेट खराब असतं तर बरं झालं असतं, निदान मी दुसऱ्यांदा विचारलं असतं. दुसऱ्यांदा विचारायचं धाडस मला झालं नाही. मी दोन वर्षांच्या करारावर सही केली. आज त्यांना सही केल्याचं सांगितलं, त्यावरही "छान, छान."

मी रडले हे त्यांना सांगू नका.

तुमची,
साक्षी


मोशी
९ एप्रिल २०२५

चि. साक्षीस,
आशीर्वाद.

रविवारी तू कसल्यातरी कागदाचं बोललीस. नंतर साधनाला विचारलं, ती म्हणाली दोन वर्षांचा करार वाढवला. चांगलं झालं. तुझं तिथे बस्तान बसलं. मी सगळ्यांना सांगितलं. दोन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातील.

वर एक ओळ खोडली आहे. ती उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, फोटोत तसंही दिसणार नाही.

१४ तारखेला जयंतीचा फोन कर. आम्ही सगळे चौकात असू. साधना तिच्या मोबाईलवरून लावेल, चित्रासकट. तिथे घरच्या नेटचा संबंध नाही, तेव्हा तुझा नियम लागू नाही, असं मी ठरवून टाकलं आहे. तोंडावर उजेड घेऊन बस.

तुझा,
पप्पा


मोशी
१६ एप्रिल २०२५

प्रिय साक्षीताई,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून आधी तुमचा राग आला. एवढी मोठी गोष्ट मला सही करायच्या आधी सांगायची की नंतर? पण तो राग नंतर काढीन. आता मला जे दिसलं ते ऐका.

जयंतीच्या संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा चौकात डीजे लागला होता. तुम्हाला दिसलंच असेल. आधी मी घेतला. मोबाईल कानाला चिकटवला, दुसऱ्या कानात बोट घातलं, एक अक्षर कळलं नाही. ह्यांनी घेतला, "काही येत नाही" म्हणून पप्पांकडे दिला. आणि पप्पा तुमच्याशी बोलायला लागले! मोबाईल तोंडासमोर धरून, हसत, हातवारे करत. वर आम्हालाच सांगतात, "ती म्हणते साधनाला निळी साडी छान दिसती. तिनं खीर केली होती, पण तांदूळ जाड मिळाले म्हणून बिघडली." ताई, हे तुम्ही खरंच बोललात ना? मला शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याचं ऐकू येत नव्हतं, आणि पप्पांना लिमरिकच्या तांदळाचं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर वाचत बसले होते. मी मागून म्हटलं, "पप्पा, दूध उतू गेलं." मान हलली नाही. जरा मोठ्याने म्हटलं, तरी नाही. मग समोर जाऊन उभी राहिले आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "चहा घेणार का?"

पेपरातून वर बघून म्हणाले, "अर्धा कप दे."

मी तिथेच उभी राहिले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांच्या लक्षात आलं. "लबाडी जमायली तुला आता," म्हणाले, हसले, आणि मग पेपर तोंडापुढे धरला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

मग सगळं सांगितलं. उभी नोकरी चाकणच्या कारखान्यात, लोखंडी पत्रे ठोकायच्या प्रेसशॉपमध्ये गेली. "तिथं कानानं कोण ऐकतंय? मशीन दिवसभर धाडधाड. समोरच्याच्या ओठाकडं बघायचं अन् समजून घ्यायचं, आमी सगळे तसंच बोलायचो. कान कवा गेले ते मलाच कळलं नाही." आई होत्या तोवर त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. त्या प्रत्येक गोष्ट पप्पांकडे तोंड करून पुन्हा सांगायच्या, आठवतं का? आपण हसायचो की आईंना एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय आहे.

ताई, तुटक नेटवर त्यांना तुमचे ओठ अर्धेमुर्धे तरी दिसायचे. चित्र बंद केलं तेव्हा आपण त्यांचे कानच काढून घेतले. आणि नेट सुधारल्यावर तर "नेट खराब आहे" म्हणायचीही सोय त्यांना राहिली नाही. तुमच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलंच नव्हतं. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. "तिकडंच नीट राहा, काळजी करू नको" हे ते दर रविवारी म्हणतात, कारण तुम्ही काहीही बोललात तरी ते चालून जातं.

मला त्यांनी शपथ घातली आहे. "साक्षीला सांगू नको. ती नर्स हाय, सगळं टाकून येईल माझे कान बघायला." ती शपथ मोडून मी हे लिहितेय. तुम्ही काय विचारलं होतं ते मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुमचं तुम्ही विचारा, तोंड दाखवून.

तुमची,
साधना


लिमरिक
२० एप्रिल २०२५

प्रिय पप्पा,
जय भीम.

वहिनींनी शपथ मोडली. त्यांना काही बोलायचं नाही. बोललात तर मी आवाज न काढता तुम्हाला इतकं बोलेन की तुम्हाला डोळे मिटून घ्यावे लागतील.

मी इथे रोज बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलते. त्यांच्यासमोर जाऊन, मास्क खाली करून, सावकाश. मला ते शिकवलेलं आहे. आणि स्वतःच्या बापाला मी काळ्या पडद्यासमोर बसवलं आणि वर विचारलं, तुम्ही बोलत का नाही? तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, उजेडाकडे तोंड कर, मास्क काढ, सावकाश बोल. मी ते वाचून हसले होते. म्हटलं, पप्पांना मी गोरी दिसायला हवी आहे.

वहिनींबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे जा. मशीन देतील ते लावा. यात तुमचं "राहू दे" चालणार नाही.

आता रविवारचं. चित्र चालू राहणार, कायमचं. दादाला म्हणाव, राउटर, वायर, पहिला मान, सगळं आहे तसंच ठेव, जिन्यातला कॅमेरा बंद ठेव, आणि खालच्या पोरांना अजून थोडे दिवस कट्ट्यावर बसू दे. चित्र थिजलं की लगेच हात वर करा, मी तेवढं वाक्य पुन्हा सांगेन. मी दिव्यासमोर बसणार आहे. मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती मी एकदा विचारली होती, तुमच्यापर्यंत आली नाही. या करारातून महिनाभर आधी कळवून सुटता येतं, तेवढं फक्त लक्षात ठेवा. बाकी समोर आल्यावर.

तुमची,
साक्षी


मोशी
२८ एप्रिल २०२५

चि. साक्षीस,
आशीर्वाद.

काल फोन मधेच बंद झाला तो नेटमुळे नाही. नेट उत्तम होतं. लॅपटॉप मी मिटला.

तू म्हणालीस, शेजारच्या खोलीतली पोरगी ड्यूटी करून झोपली आहे, मी आवाज काढत नाही. मी म्हटलं, माझ्यासाठी काढायची गरजही नाही. आणि मग तू बोलत सुटलीस. वॉर्डातली ती म्हातारी, तिनं लपवलेली बिस्किटं, तुमची सिस्टर कशी नाक वर करून चालते, सगळं मला अख्खं मिळालं. किती दिवसांनी मिळालं. मी खो खो हसत होतो म्हणून साधना स्वयंपाकघरातून बघायला आली, तर तिला मुक्या पडद्यासमोर हसणारा सासरा दिसला. डॉक्टरनं दिलेलं मशीन कानात होतं. त्याचं सांगायचं तर, भांडी पडलेली छान ऐकू येतात. माणूस बोलला की पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं, आणि फोनवरचं तर नाहीच. सवयीनं थोडं सुधारेल म्हणाले, फार आशा धरू नका म्हणाले. मी वापरतो आहे, तक्रार नाही.

मग तू ते विचारलंस. एकेक शब्द सावकाश. आणि मार्चमध्ये हेच विचारलं होतंस आणि मी काय म्हणालो, तेही सांगितलंस. त्यापुढे तुझे ओठ थरथरायला लागले आणि मला वाचता येईना. मग माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत पाणी आलं की मला काहीच ऐकू येत नाही, बाळा. तू काय बोलतेस ते कळत नव्हतं आणि पुन्हा खोटं "छान, छान" म्हणायचं नव्हतं, म्हणून लॅपटॉप मिटला. तुला काय वाटलं असेल ते मला माहीत आहे. म्हणून सकाळी पहिलं काम हे पत्र.

कान गेले हे मी लाजेनं लपवलं नाही. तुला कळलं तर तू धावत येशील, म्हणून लपवलं. माझी शुश्रूषा करायला पोरीनं नोकरी सोडावी, हे मला मेलो तरी नको होतं. कान गेले तरी मी काम सोडलं नाही. त्याच कामावर हे घर उभं राहिलं, तुम्हा दोघांची शिक्षणं झाली. कानांसाठी मला कुणी नको.

पण तू ते विचारलंच नव्हतंस. तू विचारलंस, मला तू हवी आहेस का.

हवी आहेस. ताटं घेतली की एक ताट कमी वाटतं. तुझ्या आईशिवायचं घर मी कसंबसं शिकलो, तुझ्याशिवायचं शिकणं होईना. रविवारी फोन झाला की सोमवारी मला वाटतं आणखी सहा दिवस कसे काढायचे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझ्या भल्याचं काय ते बघायची मला सवय, मला काय हवं ते सांगायची नाही. यातून माझ्या मनातलं तुझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही, आणि त्याला नेटचा काही संबंध नव्हता.

तेव्हा आता विचारलंस म्हणून स्वच्छ सांगतो. ये. तिथे महिन्याची नोटीस दे, चिंचवडच्या मैत्रिणीला फोन कर, आणि ये. माझ्या कानांसाठी नको. मी बोलावतो आहे म्हणून ये. तिकडे राहायचं असं तुझ्या मनानं ठरवलंस तर तेही मी आनंदानं सोसेन, पण मी नको म्हणालो असं मनात ठेवून राहू नकोस.

विमानतळावर मी येणार आहे. बुद्धभूषण म्हणेल, तुम्ही कशाला एवढ्या लांब, पण मी ऐकणार नाही. बाहेर गर्दी असेल. मी तुला शोधत असेन आणि तुला मी आधी दिसेन. मागून हाका मारू नकोस. सामान तिथेच टाक, माझ्यासमोर येऊन उभी राहा, आणि मग बोल.

वाट बघतो.
पप्पा